नगरसेवकाला मुदतीआधी घरी पाठवता येतं का?

आधी उत्तर. मुंबईत मतदारांना आपला नगरसेवक परत बोलावता येत नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मध्ये तशी तरतूदच नाही. नळाला पाणी नाही, गटार तुंबलंय, साहेब फोन उचलत नाहीत, म्हणून वॉर्डातल्या वीस हजार लोकांनी सह्या करून अर्ज दिला तरी त्यावर निर्णय घेण्याचा अधिकार कायद्यानं कोणालाही दिलेला नाही. आयुक्तांना नाही, राज्य निवडणूक आयोगाला नाही आणि महापौरांना तर नाहीच. अर्ज आवक विभागात घेतील, तुमच्या प्रतीवर शिक्का मारून देतील आणि मूळ कागद फाइलला लागेल. पुढे काही नाही.

सह्यांना राजकीय वजन असतं, हे खरं. तिकीट वाटपाच्या वेळी पक्ष असले गठ्ठे बघतो. पण कायद्याच्या लेखी त्या सह्या म्हणजे नुसती नाराजी, आणि नाराजीनं पद जात नाही. निवडून दिलेल्याला परत बोलावण्याचा हक्क आपोआप मिळत नाही, तो कायद्यात लिहिलेला असावा लागतो. नगराध्यक्षावरच्या अविश्वास ठरावाच्या एका प्रकरणात, मोहनलाल त्रिपाठी खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानं १९९२ मध्ये हे स्पष्ट केलं. निवडणूक कायद्यातून येते, तसं पदावरून काढणंही कायद्यातूनच येतं. तो कायदा करायचा अधिकार राज्य विधिमंडळाचा. काही राज्यांनी तो केला, महाराष्ट्रानं शहरांसाठी केलेला नाही.

गंमत म्हणजे नगरसेवकांना मात्र आयुक्तांविरुद्ध असं हत्यार आहे. एकूण सदस्यसंख्येच्या पाच अष्टमांश मतांनी ठराव झाला, तर आयुक्तांना हटवण्याची मागणी सभागृह करू शकतं. २०१६ मध्ये नवी मुंबईत तुकाराम मुंढे यांच्यावर तो ठराव प्रचंड बहुमतानं मंजूर झाला (तिथला महापालिका कायदा वेगळा, तरतूद सारखीच), आणि सरकारनं त्यांना लगेच हलवलं नाही, ही गोष्ट वेगळी. तरी सभागृहाच्या हातात निदान ठराव आहे. मतदाराच्या हातात तेवढंही नाही.

जिथे परत बोलावता येतं, तिथे काय करतात

शहरांसाठीचा जुना आणि प्रत्यक्ष वापरलेला नमुना मध्य प्रदेशचा. थेट जनतेतून निवडलेला नगराध्यक्ष किंवा महापौर तिथे परत बोलावता येतो. पण सुरुवात मतदार करू शकत नाहीत. निवडून आलेल्या नगरसेवकांपैकी किमान तीन चतुर्थांश जणांनी सही केलेला प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे जावा लागतो. जिल्हाधिकारी सह्या तपासतात, प्रस्ताव सरकारकडे आणि तिथून राज्य निवडणूक आयोगाकडे जातो. मग गुप्त मतदान. मूळ तरतुदीप्रमाणे निवडीनंतर पहिली दोन वर्षं प्रस्ताव आणता येत नाही आणि एका कारकिर्दीत हा प्रयोग एकदाच करता येतो. मतपत्रिकेवर उमेदवारांची नावं नसतात. दोन चित्रं असतात: भरलेली खुर्ची आणि रिकामी खुर्ची. रिकामीला मतं जास्त पडली की पद गेलं.

२००१ मध्ये अनूपपूरच्या नगराध्यक्षांचं पद याच मतदानात गेलं. २००८ मध्ये छत्तीसगडमध्ये नवागढ, गुंडरदेही आणि राजपूर या तीन गावांत एकदमच असं मतदान झालं आणि तिन्ही खुर्च्या रिकाम्या झाल्या. राजस्थाननं २०११ मध्ये कायदा आणला. पुढच्याच वर्षी बारां जिल्ह्यातल्या मांगरोळमध्ये मतदान झालं, पण तिथले अध्यक्ष टिकले. नगरसेवकांनी नाकारलेला अध्यक्ष लोकांनी ठेवला, हे मांगरोळचं उदाहरण फारसं कोणी सांगत नाही. खरं तर तेच जास्त बोलकं आहे, कारण या पद्धतीत पहिली सही मतदाराची नसतेच. ज्यांची टेंडरं अडली, ज्यांना समिती मिळाली नाही, अशांचं भांडणही ‘जनतेचा कौल’ म्हणून मतपेटीपर्यंत येऊ शकतं.

सुरुवात मतदारांच्या हातात देणारे कायदेही आहेत. बिहारच्या २००७ च्या नगरपालिका कायद्यात वॉर्डातल्या दोन तृतीयांश मतदारांच्या सह्यांचा अर्ज नगरविकास विभागाकडे देण्याची तरतूद आली. हरियाणानं २०२० मध्ये पंचायतींसाठी ३३ टक्के मतदारांच्या लेखी मागणीनंतर गुप्त मतदान आणि हटवण्यासाठी ६७ टक्के, अशी अट घातली.

हे टक्के मुंबईच्या वॉर्डाला लावून बघा. शहरात सुमारे १ कोटी ३ लाख मतदार आणि २२७ प्रभाग, म्हणजे एका वॉर्डात सरासरी ४५ हजार. मतदान निम्म्याहून थोडं वर होतं, तेव्हा मतं पडतात २४ हजारांच्या आसपास. चार-पाच तगडे उमेदवार असले की नऊ-दहा हजार मतं घेणारा सहज निवडून येतो. आता हरियाणाच्या हिशोबानं त्याला हटवण्याची नुसती सुरुवात करायला १५ हजार सह्या लागतील, म्हणजे त्याला पडलेल्या मतांपेक्षा जास्त. बिहारच्या हिशोबानं ३० हजार, म्हणजे निवडणुकीच्या दिवशी जेवढे लोक घराबाहेर पडले त्यांच्यापेक्षा जास्त. कायदा आहे आणि वापरता येत नाही, अशी अवस्था होते ती इथे.

उलट आकडा फार खाली आणला तर हरलेला उमेदवार दुसऱ्याच महिन्यात सह्यांचं टेबल मांडून बसेल. त्याच्याकडे आठ हजार मतं आणि बूथवारी कार्यकर्ते तयारच असतात. म्हणून टक्क्यांइतकीच महत्त्वाची असते ती सुरुवातीची बंदी: पहिलं वर्ष किंवा दोन वर्षं प्रस्ताव नाही.

सह्या कुठे बाद होतात

लोकांना वाटतं, सह्या गोळा करणं हेच काम. खरी कत्तल होते ती पडताळणीत. याचं जगातलं सगळ्यात चांगलं नोंदलेलं उदाहरण लॉस एंजेलिसचं. १९०३ मध्ये शहराच्या सनदेत परत बोलावण्याची तरतूद करणारं हे अमेरिकेतलं पहिलं शहर. २०२२ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीच्या निवडून आलेल्या जिल्हा अभियोक्त्याविरुद्ध, म्हणजे तिथल्या मुख्य सरकारी वकिलाविरुद्ध, मोहीम झाली. लागणार होत्या ५,६६,८५७ वैध सह्या, म्हणजे मतदारांच्या १० टक्के. मोहिमेनं दिल्या ७,१५,८३३. तपासणीनंतर वैध ठरल्या ५,२०,०५०. दीड लाखाची उशी ठेवूनही प्रस्ताव मतदानापर्यंत पोचलाच नाही.

बाद सह्यांत सगळ्यात मोठा गट होता यादीत नावच नसलेल्यांचा: ८८,४६४. त्याखालोखाल दुबार सह्या, ४३,५९३. मग पत्ता यादीशी न जुळणाऱ्या, ३२,१८७. खोट्या सह्या वगैरेची चर्चा फार होते, पण मोहीम बुडाली ती या तीन साध्या कारणांनी.

हीच तीन कारणं मुंबईत दुप्पट त्रास देतील. इमारत पुनर्विकासाला गेली, माणसं संक्रमण शिबिरात किंवा भाड्यानं दुसऱ्या वॉर्डात, नाव मात्र जुन्या यादीत. किंवा उलट: राहायला आले, नळाची तक्रार करतात, सही करायला सगळ्यात पुढे, आणि नाव अजून डोंबिवलीच्या यादीत. दुबार नावांचं तर विचारू नका. २०२५ मध्ये महापालिका निवडणुकीची प्रारूप यादी आली तेव्हा शहरभरात सुमारे ११ लाख दुबार नोंदींचा गदारोळ झाला होता.

म्हणून सह्यांचा कागद कसा असतो याला फार महत्त्व. सोसायटीच्या गेटवर फळीला अडकवलेला, ‘नाव, फ्लॅट नंबर, सही’ एवढेच रकाने असलेला कागद पडताळणीत टिकत नाही. टिकणाऱ्या तक्त्यात मतदार यादीचा भाग क्रमांक आणि त्यातला अनुक्रमांक आधीच भरलेला असतो. मग ओळखपत्र क्रमांक, यादीत छापलंय तसंच नाव, यादीतला पत्ता, तारीख, सही. म्हणजे कार्यकर्ता यादी हातात घेऊन दारोदार जातो आणि नाव सापडलं तरच सही घेतो. एका सहीला दोन मिनिटं धरली तर १५ हजार सह्यांना ५०० तास. रोज संध्याकाळी दोन तास देणारे वीस जण असतील तर जवळजवळ दोन आठवडे, तेही दार उघडणारा प्रत्येक जण सही करेल असं धरून. आणि लॉस एंजेलिसइतक्याच, म्हणजे २७ टक्के बाद झाल्या, तर १५ हजार वैध हातात येण्यासाठी साडेवीस हजार गोळा कराव्या लागतील.

हे सगळं महाराष्ट्राला परकं आहे असं मात्र नाही. दारूबंदीसाठी आपल्याकडे जवळजवळ हीच यंत्रणा चालते आणि महापालिकेच्या प्रभागांनाही ती लागू आहे. प्रभागातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी दुकान बंद करण्याची लेखी मागणी करायची, राज्य उत्पादन शुल्क विभागानं सह्या पडताळायच्या, मग गुप्त मतदान: उभी बाटली की आडवी बाटली. अडचण शेवटच्या अटीत आहे. झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. वॉर्डात २१ हजार महिला मतदार असतील तर साडेदहा हजारांहून जास्त जणींनी त्या दिवशी रांगेत उभं राहून एकाच बाजूला मत द्यायचं. आठ हजार विरुद्ध पाचशे, असा निकाल लागला तरी दुकान चालूच. नगरसेवक परत बोलावण्याचा कायदा कधी आलाच, तर मसुद्यात ‘एकूण मतदारांच्या’ लिहिलंय की ‘मतदान केलेल्यांच्या’, हे आधी बघा. सगळा कायदा त्या एका शब्दावर उभा असतो.

मग मुंबईत नगरसेवकपद जातं कसं?

अपात्रतेनं. त्याचा कामगिरीशी काहीही संबंध नाही. वॉर्डाची वाट लावणारा पण कागदपत्रं चोख असलेला नगरसेवक पाच वर्षं बसतो, आणि दिवसरात्र धावणाऱ्याचं पद जात प्रमाणपत्रावरून जाऊ शकतं. तुमची तक्रार कामाबद्दल आहे की पात्रतेबद्दल, हे आधी ठरवा. कामाबद्दल असेल तर खालच्या रस्त्यांचा उपयोग नाही.

पात्रतेच्या कारणांपैकी प्रत्यक्षात सगळ्यात जास्त पदं घेतलेलं कारण म्हणजे जात वैधता. राखीव जागेवरून निवडून आलेल्यानं जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडून वैध ठरवून घ्यावं लागतं. ते मुदतीत आलं नाही किंवा समितीनं दावा फेटाळला, तर निवड मुळापासूनच रद्द होते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहा महिन्यांची मुदत बंधनकारक असल्याचं सांगितल्यावर राज्यभरातले नगरसेवक हादरले, आणि सरकारनं घाईघाईनं ती वाढवून बारा महिन्यांची केली. २०१७ मध्ये मुंबईत निवडून आलेल्या काही नगरसेवकांची पदं जातीच्या दाव्यावरच गेली आणि २०१९ मध्ये दुसऱ्या क्रमांकाचे उमेदवार त्यांच्या जागी आले. इथे पोटनिवडणूक झाली नाही, हे लक्षात घ्या. निवड रद्द करताना न्यायालय खालोखाल मतं मिळालेल्याला विजयी घोषित करू शकतं. म्हणूनच या याचिका बहुतेक वेळा हरलेला उमेदवारच लढतो: वकिलाचा खर्च त्याला परवडतो, कारण शेवटी खुर्ची त्याला मिळते.

दुसरं कारण तिसरं अपत्य. १२ सप्टेंबर २००१ नंतरच्या जन्मानं अपत्यं दोनाहून जास्त झाली तर अपात्रता. वॉर्डात सगळ्यांना माहीत असतं, पुरावा कोणाकडेच नसतो. जन्मनोंद माहिती अधिकारात मागितली की ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार येण्याची शक्यता मोठी.

तिसरं अनधिकृत बांधकाम. स्वतः, जोडीदारानं किंवा अवलंबितानं केलेलं, नगरसेवक म्हणून करायला मदत केलेलं, किंवा तोडायला आलेल्या पालिकेच्या पथकाला अडवलेलं, यातलं काहीही अपात्रतेला पुरतं. ऐकायला हे सगळ्यात धारदार वाटतं. प्रत्यक्षात काय होतं ते बघा. विभाग कार्यालयाच्या इमारत व कारखाने खात्याकडून कलम ३५१ ची नोटीस निघते, म्हणजे बांधकाम अधिकृत असल्याचे कागद दाखवा. कागद दाखवले जात नाहीत, पण दिवाणी न्यायालयातून स्थगिती येते. स्थगिती असेपर्यंत बांधकाम ‘अनधिकृत’ ठरलेलंच नसतं. त्यात जागा असते मेहुण्याच्या नाहीतर एखाद्या मंडळाच्या नावावर. मेहुणा अवलंबित नव्हे, मंडळ तर नव्हेच. प्रकरण लढवायचं तर नोटिशीचा क्रमांक आणि तारीख, पंचनामा, मोजमाप, आणि मालमत्ता कराच्या बिलावरचं नाव, एवढं तरी हातात हवं. फोटोंचा गठ्ठा घेऊन जाणाऱ्याला परत पाठवलं जातं, कारण फोटोत भिंत दिसते, मालक दिसत नाही.

पालिकेच्या कंत्राटात प्रत्यक्ष किंवा आडून हितसंबंध असणं आणि सभागृहाच्या मंजुरीशिवाय सलग तीन महिने सभांना गैरहजर राहणं, हीही कारणं आहेत. हजेरीची नोंद महापालिका चिटणीसांच्या कार्यालयात असते आणि ती मागवणं सोपं आहे. पण नगरसेवक अधूनमधून येऊन सही करून जातो, त्यामुळे सलग तीन महिने क्वचितच भरतात. गुन्हा दाखल होणं किंवा आरोपपत्र दाखल होणं यानं पद जात नाही. शिक्षा व्हावी लागते.

दहा दिवसांचं गणित

इथे बहुतेक जागरूक नागरिक फसतात. निवडीला आव्हान देणारा अर्ज १८८८ च्या त्याच कायद्याच्या कलम ३३ खाली लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांकडे करायचा असतो. हे न्यायालय धोबीतलावला, लोकमान्य टिळक मार्गावर. अर्ज फक्त हरलेल्या उमेदवारानंच करायचा असं नाही, पालिकेच्या मतदार यादीत नाव असलेली कोणतीही व्यक्ती करू शकते. मुदत मात्र निकालाची यादी प्रसिद्ध झाल्यापासून दहा दिवस.

आता माहिती अधिकाराचं बघा. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराला ३० दिवस, उत्तर नाही आलं तर २० रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील. निकालानंतर अर्ज टाकणाऱ्याच्या हातात कागद येतो तेव्हा न्यायालयाची मुदत संपून तीन आठवडे झालेले असतात. म्हणजे कागद निकालाच्या आधीच जमवलेले हवेत. उमेदवारी अर्जासोबतचं शपथपत्र लोकांना बघायला उपलब्ध असतं. ते त्याच दिवशी उतरवून घ्यायचं. अपत्यं, मालमत्ता, गुन्हे, थकबाकी यांचे रकाने आपल्याकडच्या माहितीशी ताडायचे. छाननीच्या वेळी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यापुढे हरकतीचा विषय लेखी आला असेल तर पुढे न्यायालयात पाय रोवायला जागा मिळते.

एक नेहमीची चूक: तक्रार भारत निवडणूक आयोगाकडे पाठवणं. महापालिका निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, तो वेगळा आहे. दुसरी चूक: थेट उच्च न्यायालयात रिट. निवडणुकीला आव्हान निवडणूक याचिकेनंच द्यायचं, असं राज्यघटनेचा अनुच्छेद २४३-झेडजी सांगतो. त्यामुळे ‘आधी योग्य न्यायालयात जा’ म्हणून परत यायची वेळ येते, आणि तोवर दहा दिवस उलटून गेलेले असतात.

१५ जानेवारी २०२६ च्या मतदानाची ही खिडकी केव्हाच बंद झाली. पण नगरसेवक नंतर, पदावर असताना अपात्र झाला तर? त्यासाठी कलम १८ आहे, आणि मतदाराची कोंडी इथे पूर्ण होते. असा अर्ज मुख्य न्यायाधीशांकडे तो नगरसेवक स्वतः किंवा दुसरा कोणताही नगरसेवक करू शकतो, किंवा सभागृहानं सांगितलं तर आयुक्त करतात. मतदाराचं नाव त्या यादीत नाही. त्यामुळे तुमच्याकडे पक्का पुरावा असेल तर पहिला दरवाजा न्यायालयाचा नाही, विरोधी बाकावरच्या नगरसेवकाचा. फाइल त्याच्या नावे, सगळ्या साक्षांकित प्रतींसह, दोन पानांच्या गोषवाऱ्याबरोबर द्या आणि पोच घ्या. तो ती फाइल न्यायालयात नेतो की समोरच्याशी तडजोडीला वापरतो, यावर तुमचा ताबा नाही. म्हणून एकाच्याच हातात देऊ नका.

पक्ष बदलणाऱ्यांचा रस्ता आणखी वेगळा. स्थानिक संस्थांसाठी १९८६ चा पक्षांतरबंदीचा राज्याचा कायदा आहे आणि मुंबईची प्रकरणं बेलापूरच्या कोकण भवनात, विभागीय आयुक्तांपुढे जातात. निवडणुकीनंतर नगरसेवकांचे गट बसमधून तिथे नोंदणीला जाताना दिसतात ते याचसाठी. ऑक्टोबर २०१७ मध्ये मनसेच्या सातपैकी सहा नगरसेवकांनी शिवसेनेत प्रवेश केला, पक्षानं दाद मागितली, पण त्यांची पदं शाबूत राहिली. ज्या मतदारानं इंजिनावर शिक्का मारला त्याला या सुनावणीत कोणी काही विचारलं नाही.

‘पुढच्या निवडणुकीत बघून घेऊ’ हे तरी खरं होतं का? नेहमी नाही. दर निवडणुकीआधी आरक्षणाची सोडत निघते. २२७ पैकी ११४ जागा महिलांच्या, त्याशिवाय अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गाच्या. तुमचा वॉर्ड फिरला की राग ज्याच्यावर आहे तो माणूस तिथे उभाच नसतो: तो शेजारच्या वॉर्डात असतो आणि इथे त्याची बायको. प्रभागांच्या सीमा बदलल्या की अर्धी यादीही बदलते. शिवाय मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं प्रशासकच कारभार बघत होता. परत बोलवायला कोणी नव्हतंच.

गावचा सरपंच मात्र

महाराष्ट्रात परत बोलावण्याच्या सगळ्यात जवळ जाणारी तरतूद आहे ती गावात. थेट निवडून आलेल्या सरपंचावर अविश्वास ठराव आणायचा तर पहिली दोन वर्षं आणि मुदतीचे शेवटचे सहा महिने सोडावे लागतात. ग्रामपंचायतीच्या तीन चतुर्थांश सदस्यांनी ठराव मंजूर करायचा. तेवढ्यानं पद जात नाही. मग विशेष ग्रामसभा बोलावतात आणि तिथे गुप्त मतदानानं गावकरी शिक्कामोर्तब करतात किंवा ठराव फेटाळतात. सदस्यांचा डाव गावानं उधळायची सोय त्यात आहे. मध्य प्रदेशपेक्षा हे बरं, कारण मतदान गावातच आटोपतं. शहरात असं करायला क्षेत्रसभा, म्हणजे ग्रामसभेसारख्या मतदारांच्या सभा, लागतील. त्यांची तरतूद २००९ मध्ये महापालिका कायद्यांत आली, पण मुंबईत अजून कोणाला क्षेत्रसभेचं बोलावणं आलेलं नाही.

लालबागचा किंवा भांडुपचा चाकरमानी अशा ग्रामसभेसाठी रात्रीची गाडी पकडून गावी जातो, आणि दारात यादी बघून त्याला थांबवतात. ग्रामसभेत मत त्यालाच आहे ज्याचं नाव गावच्या मतदार यादीत आहे. घर, सातबारा, घरपट्टीची पावती यानं मत मिळत नाही. नाव मुंबईहून गावी हलवायचं तर नमुना ८ भरावा लागतो. पण गावी नेहमीचा राहता पत्ता दाखवता आला तरच तो मंजूर होतो, आणि नाव एका वेळी एकाच यादीत ठेवता येतं. म्हणजे सरपंचाविरुद्ध मत हवं असेल तर नगरसेवकाविरुद्धचं सोडावं लागतं.